नवा समुद्रघोडा खाऊन नाही राहिला? आधी त्याचा डोळा पाहा

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. चेन्नईवरून फ्लाइटनं फार्ममध्ये वाढवलेली रीडी जातीच्या समुद्रघोड्यांची जोडी आणली, येऊन चार दिवस झाले, मादी थोडंफार टिपून राहिली पण नर कोपऱ्यात हीटरला शेपटी गुंडाळून बसला आहे, रंग काळपट पडला, फ्रोझन ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंग्यासारखे जीव) समोरून गेले तरी तोंड लावत नाही, टँक १३० लिटरचा, आधीपासून दोन क्लाउनफिश त्यात आहेत, पाणी २९ डिग्री. एवढं सगळं नीट लिहिलं म्हणून उत्तर देता येऊन राहिलं, नाहीतर लोक नुसतं "खात नाही, काय करू" एवढंच लिहितात. मी नागपुरात प्रतापनगरला घरी चौदा वर्षांपासून खाऱ्या पाण्याचे टँक ठेवून आहे, त्यातली नऊ वर्षं समुद्रघोडे, म्हणून जे हातानं केलं तेच सांगतो.

पहिले तर घाबरू नका. चांगला भरलेला मोठा समुद्रघोडा आठवडाभर नाही खाल्लं तरी तग धरतो, लहान पिल्लू मात्र नाही धरत. पण आरामात बसायलाही वेळ नाही, कारण ह्या प्राण्याला जठरच नसतं, दातही नाहीत. जे गिळलं ते आतड्यातून सरळ पुढं जातं, साठा असा काही होत नाही, म्हणून निसर्गात हा दिवसभर टिपत असतो आणि आपल्याकडं त्याला दिवसातून दोन-तीनदा द्यावंच लागतं.

आता आज संध्याकाळी एक काम करा. टँकसमोर खुर्ची घेऊन बसा, हॉलचा मोठा लाइट बंद, आणि ड्रॉपरनं त्याच्या तोंडापासून एक बोटभर अंतरावर एकच श्रिम्प सोडा. तोंडाकडं पाहू नका, डोळ्याकडं पाहा. समुद्रघोड्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, एक पुढं तर एक मागं. श्रिम्प खाली जाताना त्याचा डोळा त्याच्यामागं गेला पण त्यानं टिपलं नाही, तर जनावर बरं आहे, त्याला तुमचं खाणं पटलं नाही किंवा निवांतपणा मिळाला नाही एवढाच अर्थ. डोळा गेला, त्यानं झडप मारली आणि नेम चुकला किंवा ओढ कमी पडली, असं चार-पाच वेळा झालं, तर अशक्तपणा आहे नाहीतर तोंडाला काही झालं आहे, तेव्हा नळीसारख्या तोंडाच्या टोकाशी पांढरट सूज किंवा लाली दिसते का ते टॉर्चनं बाजूनं पाहा. आणि डोळा हललाच नाही, श्वास धापा टाकल्यासारखा जोरजोरात चालू आहे, तर आधी पाणी तपासायचं, खाण्याचं नंतर. सगळं पुढचं ह्या एका गोष्टीवरून ठरतं, म्हणून पाच मिनिटं नाही, चांगला अर्धा तास बसा.

तुम्ही लिहिलं त्यावरून मला वाटतं तुमचा नर पहिल्या प्रकारात आहे आणि त्याला तीन गोष्टींचा त्रास होऊन राहिला.

एक, गर्मी. २९ डिग्री ह्याच्यासाठी फार जास्त आहे. रीडी हा अटलांटिकच्या पलीकडच्या किनाऱ्याचा, कॅरिबियनपासून ब्राझीलपर्यंतचा, तिथलं पाणी २७-२८ असतंच मग टँकमध्ये का नाही चालत, हे मला प्रत्येक जण विचारतो. कारण तिथं समुद्र आहे आणि इथं १३० लिटर पाणी आहे. आपल्या टँकमध्ये उरलेलं खाणं, विष्ठा ह्याच्यावर व्हिब्रिओसारखे जिवाणू वाढतात आणि पाणी जितकं गरम तितके जोमानं वाढतात. दमलेल्या, उपाशी समुद्रघोड्याची शेपटी सडणं, अंगावर पांढरे चट्टे येणं, हे बहुतेक त्यातूनच होतं. म्हणून टँकमध्ये २२ ते २४ ठेवायचं, २५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. पण एका रात्रीत खाली आणू नका, दिवसाला दीड-दोन डिग्री, म्हणजे तीन-चार दिवसात.

आता नागपूरच्या मे महिन्यात २४ कसं आणायचं हा खरा प्रश्न. आपली हवा कोरडी असते त्यामुळं पाण्यावर तिरपा छोटा फॅन लावला तर बाष्पीभवनानं तीन-चार डिग्री आरामात उतरते, मुंबईवाल्यांना हा फायदा नाही. पण त्याच खोलीत खिडक्या बंद करून कूलर चालू ठेवला तर हवा दमट होते आणि फॅनचा अर्धा फायदा गेला समजा. मी टँक हॉलमधून काढून एसीच्या बेडरूममध्ये नेला तेव्हा कुठं शांत झोपलो. चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, परवडत असेल तर घ्याच, फक्त तो मागून गरम हवा फेकतो, त्याला बंद कपाटात कोंबू नका, नाहीतर तो स्वतःच खोली तापवतो आणि दिवसभर थांबतच नाही. बर्फाच्या बाटल्या टाकायची सवय नको, दुपारी २४, रात्री २८ असा झोका बसतो, तो सतत २७ असण्यापेक्षा वाईट. बाटली फक्त लाइट गेल्यावरची गोष्ट. आणि हीटर आजच्या आज काढून बाहेर ठेवा ताई. मे मध्ये त्याचं काम नाही, आणि समुद्रघोडा त्याला शेपटी गुंडाळतो आणि चुकून चालू झाला तर भाजतो. थंडीत लावायची वेळ येईल तेव्हा प्लास्टिकच्या जाळीचं कव्हर घालून लावा.

दोन, क्लाउनफिश. वाईट वाटेल तुम्हाला पण ते तिथून हलवावेच लागतील. क्लाउन कोपरा धरून बसतो, आपली हद्द राखतो आणि खाण्यावर तुटून पडतो. समुद्रघोडा तसा नाही, तो आधी पाहतो, मग डोकं वाकवतो, मग हळूहळू सरकतो, पाठीवरचा एवढासा पंख सेकंदाला तीसेक वेळा हलतो तेव्हा कुठं तो इंचभर पुढं जातो. त्याच्या तोंडाची घडणच अशी आहे की पाणी न हलवता भक्ष्याच्या अगदी जवळ जाता येतं, आणि मग पापणी लवायच्या आत ओढून घेतो. ते सगळं जमवेपर्यंत क्लाउननं ताट साफ केलेलं असतं. तुम्हाला वाटते तो खाऊन नाही राहिला, खरं म्हणजे त्याच्या वाट्याला येऊनच नाही राहिलं. दुसरा टँक नसेल तर दुकानात परत द्या, ओळखीच्या कोणाला द्या, तोवर मध्ये प्लास्टिकच्या जाळीची भिंत करा. टर्बो गोगलगायी, एखादा क्लीनर श्रिम्प चालतो. ॲनिमोन, खेकडे, डंख मारणारे कोरल अजिबात नाही, ह्याच्या अंगाला खवले नाहीत, हाडांच्या कड्यांवर नुसती कातडी आहे, भाजल्यासारखी जखम होते.

तीन, धरायला जागा. हीटरला धरून बसला म्हणजे दुसरं काही मिळालं नाही. नायलॉनची जाड दोरी, बोटाएवढी, तिचा पीळ थोडा उकलून तळाला दगडात अडकवा, नाहीतर कॉलेर्पा ह्या समुद्री शेवाळाचा झुपका, नाहीतर चांगल्या प्रतीची नकली झाडं. चार-पाच ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर. त्यातली एक जागा जिथं तुम्ही खाणं देणार तिथं, तिचं पुढं सांगतो. पंपाचा झोत भिंतीवर आपटू द्या, सरळ त्याच्या अंगावर नको, पण पाणी साचलेलंही नको. आणि पंपाच्या ओढीच्या तोंडाला स्पंज लावला आहे का ते आत्ता उठून पाहून या. माझा पहिला समुद्रघोडा त्यातच गेला. रात्री शेपटीचं टोक फिल्टरच्या जाळीत ओढलं गेलं, सकाळी मी सोडवलं, बारीकशी जखम होती, मला वाटलं भरून येईल, अकराव्या दिवशी शेपटी दोन कडी वरपर्यंत पांढरी पडली होती. दहा रुपयाचा स्पंज होता घरात. तेव्हापासून कोणी नवीन टँक दाखवायला बोलावलं की माझी नजर आधी तिथं जाते.

तुम्ही लिहिलं की पिशवीतून काढताना तीन तास ड्रिप केलं, म्हणजे पिशवीच्या पाण्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडलं. हे सगळीकडं लिहिलेलं असतं आणि दुकानातून घरी आणलेल्या माशाला ठीक आहे, पण चौदा तासांच्या प्रवासानंतर उलटं पडतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, त्यामुळं साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की गॅस निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो, आणि आपण त्याच पाण्यात जनावराला तीन तास ठेवतो. कल्ल्यांना त्रास होतो, दोन-चार दिवस सुस्ती राहते. तुमच्या नराला हे झालं असेल कदाचित, आता त्याला वेळ देणं हाच उपाय. पुढच्या वेळी फार्मवाल्याला पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, आधीच विचारून घ्या, आपल्या टँकचं पाणी तेवढंच करून ठेवा, पिशवी न उघडता तरंगवून तापमान जुळवा आणि उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत पाण्याखालून हातानं टँकमध्ये. जाळी नको, हवेत उचलणं नको, तोंडातून हवा आत गेली तर तरंगत राहतो. शेपटी तुमच्या बोटाला गुंडाळते, ती ओढून सोडवू नका, तो स्वतःच सोडतो.

आता खाण्याचं. फ्रोझन ब्राइन श्रिम्प ही पहिली चूक, आणि नव्वद टक्के दुकानदार हेच देतात. नुसत्या मोठ्या ब्राइन श्रिम्पमध्ये दम नसतो, पोट भरल्यासारखं दिसते आणि जनावर वाळत जाते. ह्याचं रोजचं जेवण म्हणजे फ्रोझन मायसिस, तेही झिंग्यासारखेच बारीक जीव, पण कसदार. फार्मवाल्याला आजच फोन करून विचारा की तिथं काय देत होते, कोणत्या कंपनीचं, दिवसातून कितीदा, किती वाजता. बहुतेक फार्म मायसिसवरच आणतात आणि मग अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. पण आलेला नवा जीव आणि मेलेलं, न हलणारं खाणं, ह्यात पहिले काही दिवस जिवंत खाण्याचा पूल लागतो.

जिवंत मायसिस नागपुरात कुठून मिळणार. म्हणून मी घरी एका टबात चेरी श्रिम्प वाढवतो, गोड्या पाण्यातले, लाल, दुकानात मिळतात तेच. त्यांची आठ-दहा मिलिमीटरची पिल्लं समुद्रघोड्याला एकदम पटतात, आणि गोड्या पाण्यातून आल्यामुळं समुद्रातले परजीवी त्यांच्यासोबत येत नाहीत. फक्त खाऱ्या पाण्यात ती फार वेळ टिकत नाहीत, म्हणून एकावेळी दोन-तीनच सोडायची, मेलेली लगेच काढायची. फुटाळ्याचे, अंबाझरीचे झिंगे आणून टाकू नका, शहरातल्या तलावात काय काय मिसळते सांगता येत नाही. आणि हा पूलच आहे, कायमचं घर नाही, गोड्या पाण्यातल्या श्रिम्पमध्ये समुद्रातल्यासारखे फॅटी ॲसिड नसतात, महिनोनमहिने त्यावर ठेवलं तर अशक्त होतो.

दुसरा रस्ता आर्टेमियाचा, म्हणजे ब्राइन श्रिम्पच, पण अंड्यातून घरी काढलेले जिवंत. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २७-२८ डिग्री, एअर पंपची नळी तळापर्यंत, वर लाइट, चोवीस तासात अंडी फुटतात. आपल्याकडं मे मध्ये ह्याला हीटर पण लागत नाही, ओट्यावर ठेवली बाटली की झालं. पण तुमच्या मोठ्या जोडीला हे पिल्लू फार बारीक आहे, ते समुद्रघोड्याच्या पिल्लांसाठी. मोठ्यांसाठी ते दोन-तीन आठवडे स्पिरुलिना पावडरवर वाढवायचं आणि द्यायच्या आधी काही तास व्हिटॅमिन-ओमेगाच्या द्रावणात ठेवायचं. गाळून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन मगच टाका, त्या बाटलीचं पाणी टँकमध्ये नको, त्यातून हायड्रॉइड नावाचे बारीक जीव येतात आणि ते डंख मारतात.

जिवंतवर टिपायला लागला की फ्रोझनकडं वळवायचं ते असं. पंप बंद. एक काचेची छोटी वाटी, नाहीतर मोठा शिंपला, त्या खाण्याच्या जागेच्या दोरीपाशी ठेवा, कायम तिथंच. मायसिसचा तुकडा आरओच्या पाण्यात वितळवून गाळणीत धुवा, ते लाल पाणी फेका. ड्रॉपरमध्ये एक जिवंत, दोन मायसिस असं घ्या आणि वाटीत सोडा. जिवंत वळवळते, त्यानं मायसिस पण हलते, तो एक टिपतो, मग दुसरं. दर दोन दिवसाला जिवंतचं प्रमाण कमी करत जा. मादी खाते हे तुमच्या फायद्याचं आहे, तिला आधी त्याच वाटीत खायला लावा, हे एकमेकांना पाहून शिकतात, माझ्याकडं तीनदा असं झालं. अर्ध्या तासानं उरलेलं सगळं ओढून घ्यायचं, एकही तुकडा दगडामागं राहू द्यायचा नाही. वेळ ठरलेली, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा, वाटलं तर दुपारी एकदा. आठवड्यातून एक दिवस उपास वगैरे काही लोक सांगतात, नव्या जनावराला ते नको.

माझ्याकडं २०१६ साली एक नर होता, सहा दिवस काही खाल्लं नाही. सातव्या दिवशी सकाळी मी चेरी श्रिम्पचं एक पिल्लू नळीतून त्याच्यासमोर सोडलं आणि हात तसाच पाण्यात ठेवून उभा राहिलो, कारण हात काढला असता तर पाणी हललं असतं. उजवा डोळा फिरला. मग बराच वेळ काही नाही. मग डावा पण पुढं आला, दोन्ही डोळे एकाच ठिकाणी, नाक खाली, मानेची कमान ताणली आणि काचेतून ऐकू येईल असा टक् आवाज झाला. श्रिम्प दिसलंच नाही, कल्ल्याच्या फटीतून धुरासारखा बारीक भुगा बाहेर आला एवढंच. तो भुगा पाहिला की समजा गिळलं. मी बायकोला हाक मारली ती पण कुजबुजत, की तो दचकेल.

वजन पाहायचं ते बाजूनं नाही, समोरून पाहा. छातीखाली पोटाच्या कड्यांमधली कातडी आत गेली, दोन कड्यांमध्ये खळगा दिसला, म्हणजे उपासमार सुरू झाली. सपाट किंवा थोडं गोल असेल तर ठीक. रोज सकाळी फोटो काढून ठेवा म्हणजे फरक कळतो, रोज पाहणाऱ्याला तो डोळ्यानं कळत नाही. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली तर आत काही नाही किंवा जंत आहेत. आणि नर तळाला न राहता पाण्यावर तरंगत असेल, शेपटीजवळची पिल्लं वाढवायची पिशवी फुगली असेल तर तिच्यात हवा भरली आहे, ते वेगळं प्रकरण, तेव्हा मला लगेच फोन करा, स्वतः दाबून काढू नका. कोणी सांगितलं म्हणून अँटिबायोटिक टाकू नका, तांब्याचं औषध तर नाहीच. माशांच्या जाणकाराकडून समजून घ्यायचं असेल तर तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथं जाऊन विचारायला हरकत नाही.

पाण्याचं लवकर सांगतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या खाली, सॅलिनिटी स्पेसिफिक ग्रॅव्हिटीच्या मापात १.०२३ ते १.०२५, पीएच ८.१ ते ८.३. चार दिवस न खाल्लेलं खाणं सडलं असेल तर अमोनिया चढला असेल, आज रात्रीच टेस्ट करा, थोडाही दिसला तर वीस टक्के पाणी बदला. पेंचचं नळाचं पाणी क्लोरीनसकट येतं, ते सरळ नको, आरओ करून मगच सॉल्ट मिसळा आणि टीडीएस मीटरनं पाहत जा. फॅन लावल्यावर माझ्या टँकमधून मे मध्ये दिवसाला दोन लिटर तरी उडून जाते. उडते ते पाणी, मीठ तिथंच राहते, म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा आणि दिवसातून दोनदा थोडं थोडं घाला. दुपारी लाइट जाते त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप आजच घ्या, चारशे-पाचशेचा येतो.

लाइटवरून आठवलं, घरात सुट्ट्या लागल्या आहेत, पोट्टे काचेवर टकटक करतातच. आठ दिवस टँकच्या तीन बाजूंना कागद लावा, लाइट मंद ठेवा, पाहुण्यांना दाखवायचं पुढच्या महिन्यात. काळपट रंग हा घाबरल्याचा आहे, निवांत झाला की पिवळा, केशरी परत येतो.

आणि एक, पेपर. आपल्या समुद्रातले समुद्रघोडे पकडणं, विकणं २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २००४ पासून जगभरच्या व्यापारावर पण साइट्स (CITES) ह्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. ह्यांना वाळवून औषधाच्या नावाखाली पोत्यानं विकतात म्हणून ते करावं लागलं. तुम्ही फार्मची पावती आहे लिहिलं, पण आयातीचे कागद, त्यांची नोंदणी हे सगळं विक्रेत्याकडून मागून घ्या, आणि तुमच्या नावावर नोंद करावी लागते का ते सिव्हिल लाइन्सला वनभवनात जाऊन विचारून या, आपल्या गावातच तर आहे. कागद देत नसेल त्याच्याकडून परत काही घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

तर आज रात्री हीटर बाहेर, क्लाउन वेगळे, दोरी आत, अमोनियाची टेस्ट. उद्या सकाळी फार्मला फोन आणि चेरी श्रिम्प. गोकुळपेठेत किंवा सीताबर्डीच्या दुकानात नाही मिळाले तर माझ्याकडून वीस-पंचवीस घेऊन जा, पैसे नको. आणि नराचा समोरून एक, बाजूनं एक फोटो पाठवा, फ्लॅश बंद करून.